2027 पर्यंतचं गणित : बाल्टिमोर ओरिओल्सच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
माइक एलायस आणि बेसबॉल विभागातील सहकारी,
बाल्टिमोर ओरिओल्स, कॅम्डन यार्ड्स, बाल्टिमोर

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. त्यामुळे ते तुमच्या टेबलावर पोचण्याआधी मेरीलँडमधल्या आणि भारतातल्या आमच्याच मंडळींत वाचलं जाईल, त्यांच्यात वाद होईल, आणि कदाचित तुमच्यापर्यंत येणारही नाही. तरी लिहितो, कारण दर हिवाळ्यात आणि दर जुलैत हा प्रश्न येतो आणि दर वेळी तो चुकीच्या पद्धतीने मांडला जातो. मायनर लीगमधले (मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांतले) तरुण खेळाडू राखायचे, की ते देऊन पहिल्या दर्जाचा पिचर (चेंडू टाकणारा) आणायचा? लोक याला ‘भविष्य की वर्तमान’ म्हणतात. आपल्या संघापुरतं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. आपल्या दोन मुख्य खेळाडूंपैकी ॲडली रचमनवरचा संघाचा हक्क 2027 च्या हंगामाअखेर संपतो, गनर हेंडरसनवरचा 2028 च्या. दोघे एकत्र खेळतील असे 2026 आणि 2027 हे दोनच हंगाम हातात आहेत. नवा करार झाला तर उत्तम, पण तो होईल असं धरून हिशेब मांडता येत नाही.

म्हणून प्रत्येक प्रॉस्पेक्टला (अशा होतकरू तरुणाला) आधी एकच प्रश्न लावावा, असं आमचं म्हणणं आहे. हा मुलगा 2027 च्या ऑगस्टपर्यंत कॅम्डन यार्ड्सवर कोणत्या जागी उभा असेल? उत्तर ‘कुठेच नाही’ किंवा ‘2029 मध्ये’ असेल, तर त्याची किंमत आपल्यापेक्षा पुनर्बांधणीतल्या एखाद्या संघाला जास्त आहे. सौदा नेमका याच फरकातून होतो.

नव्या वाचकांसाठी पायाभूत गोष्ट आधी सांगतो. मेजर लीगच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीत) 172 दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरलं जातं. अशी सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडू फ्री एजंट (कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा) होत नाही. पहिली तीन वर्षं तो बहुधा किमान पगाराच्या आसपास खेळतो (2026 साठी हा आकडा 7 लाख 80 हजार डॉलर आहे), पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या आधाराने वाढतो. चांगल्या पिचरला खुल्या बाजारात वर्षाला तीन-चार कोटी डॉलर मोजावे लागतात, म्हणून सहा स्वस्त वर्षं देणारा पोरगा संघांना सोन्यासारखा वाटतो. पण या सोन्यातलं बरंचसं कागदावरच राहतं. देशातल्या पहिल्या शंभर प्रॉस्पेक्ट्समध्ये नाव असलेलेही कितीतरी जण नियमित खेळाडू होत नाहीत. आपला जॅक्सन हॉलिडे हा 2022 च्या ड्राफ्टचा (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीचा) पहिला खेळाडू. एप्रिल 2024 मध्ये तो वर आला, पहिल्या दहा सामन्यांत 34 वेळा बॅट घेऊन त्याला दोन हिट मिळाले, आणि त्याला नॉरफोकला, म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खालच्या आपल्या ट्रिपल-ए संघात, परत पाठवावं लागलं. नंतर तो सावरला. पण ट्रिपल-एमधले आकडे आणि मेजर लीगमधले आकडे यांत केवढी दरी आहे, हे त्या दोन आठवड्यांनी दाखवून दिलं. म्हणून कुणाला राखायचं आणि कुणाला द्यायचं हे ठरवताना सरासरी आणि होमरन नंतर बघावेत. ताशी 95 मैलांपेक्षा वेगवान फास्टबॉलवर तो किती वेळा चुकतो आणि स्ट्राइक झोनमधल्या चेंडूला त्याची बॅट किती वेळा लागते, हे आधी बघावं. या दोन आकड्यांत जो कमी पडतो, त्याची ट्रिपल-एमधली चमक वर आल्यावर सहसा टिकत नाही.

आता दुसरी बाजू. 162 सामन्यांत मुख्य पिचर फार तर 32 वेळा उतरतो आणि 190 च्या आसपास इनिंग टाकतो. संघाच्या एकूण साधारण 1450 इनिंगमधला हा जेमतेम 13 टक्के वाटा. तेवढ्यासाठी तीन-चार पोरं देणं वेडेपणाच वाटेल. पण 2022 पासून वाइल्ड कार्डची मालिका, म्हणजे ऑक्टोबरमधल्या बाद फेरीची पहिली पायरी, तीन सामन्यांची आहे. पहिला सामना त्याचा असतो, आणि मालिका दोनात संपली तर निम्मी मालिकाच त्याची. पाच सामन्यांच्या मालिकेत तो दोनदा उतरू शकतो, म्हणजे 40 टक्के. हंगामात संघाला अडीच-अडीच जादा विजय मिळवून देणारे दोन साधे पिचर आणि पाच विजयांचा एक थोर पिचर यांची बेरीज कागदावर सारखीच येते, पण ऑक्टोबरच्या पहिल्या संध्याकाळी पिचरच्या टेकडीवर एकच माणूस उभा राहतो.

त्या माणसाने सगळं केलं तरी हरता येतं, हेही आपणच पाहिलं. 1 फेब्रुवारी 2024 ला जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधली 34 वी निवड देऊन आपण मिलवॉकीकडून कॉर्बिन बर्न्स घेतला. त्याने 194 इनिंग टाकल्या, 15 सामने जिंकले, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेले रन, कमी तेवढे चांगले) 2.92. वाइल्ड कार्डमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध पहिल्या सामन्यात तो आठ इनिंग खेळला आणि एकच रन दिला. आपण 1-0 हरलो. दुसऱ्या दिवशी 2-1. दोन सामन्यांत एक रन! फलंदाजी झोपली त्याचं खापर बर्न्सच्या सौद्यावर फोडू नये. सौदा बरोबर होता, आणि तो संपल्यानंतरही त्याचा लाभ मिळाला. ऍरिझोनाने बर्न्सला सहा वर्षांसाठी 21 कोटी डॉलर दिले आणि 2025 च्या जूनमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. ते पैसे आपण दिले नाहीत हे नशीब. तो आणि अँथनी सँटँडर गेल्याबद्दल 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीनंतर लगेच आपल्याला दोन निवडी मिळाल्या. त्यांतल्या एकीतून कॅचर केडन बोडीन आला.

ही भरपाई मिळाली ती बर्न्स फेब्रुवारीत आला म्हणून. खेळाडू पूर्ण हंगाम आपल्याकडे असेल तरच त्याला क्वालिफाइंग ऑफर (ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करार) देता येते, आणि ती नाकारून तो गेला तरच निवड मिळते. जुलैअखेर आणलेला, करार संपत आलेला पिचर दोन महिने खेळून जातो तेव्हा मागे काहीच उरत नाही. 2012 पासून नियम असाच आहे, तरी दर जुलैत संघ तीच किंमत मोजायला तयार होतात याचं आम्हाला नवल वाटतं. हिवाळ्यातल्या खरेदीत 32 सामने, ऑक्टोबर आणि वर एक निवड. जुलैतल्या खरेदीत दहा-अकरा सामने, आणि ऑक्टोबर आलाच तर तो.

अशा अकरा सामन्यांसाठी कोण काय देऊन बसलं याची जुनी यादी आहे. 1987 च्या ऑगस्टमध्ये डेट्रॉइटने डॉइल अलेक्झांडर आणला. त्याने 11 सामन्यांत 9-0 (नऊ विजय, एकही हार नाही) आणि 1.53 ईआरए अशी कामगिरी केली, डेट्रॉइटने विभाग जिंकला आणि मिनेसोटाकडून हरला. बदल्यात अटलांटाला गेलेला मुलगा होता जॉन स्मोल्ट्झ: पुढे 213 विजय, 154 सेव्ह (शेवटी येऊन राखलेले विजय) आणि हॉल ऑफ फेम. 1998 मध्ये ह्यूस्टनला रँडी जॉन्सनने 10-1 आणि 1.28 दिलं, तरी ते पहिल्याच मालिकेत बाद झाले, आणि फ्रेडी गार्सिया व कार्लोस गियेन सिॲटलला गेले ते गेलेच. 2002 मध्ये माँट्रियालने बार्तोलो कोलोनसाठी क्लिफ ली, ब्रँडन फिलिप्स आणि ग्रेडी साइझमोर असे तिघे एकाच वेळी दिले. यात पिचर कुठेच वाईट निघाला नाही. प्रत्येकाने सांगितलं ते काम केलं, तरीही सौदा महागच पडला.

लांब जायला नको, आपल्याच घरची वही उघडू. जुलै 2013 मध्ये स्कॉट फेल्डमनसाठी जेक अरिएटा आणि पेद्रो स्ट्रॉप शिकागोला गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस बड नॉरिससाठी जोश हेडर ह्यूस्टनला गेला. 2014 मध्ये अँड्र्यू मिलरसाठी एदुआर्दो रॉड्रिगेझ बॉस्टनला. मिलर दोन महिने अप्रतिम खेळला आणि हिवाळ्यात निघून गेला. अरिएटाचा बाल्टिमोरमधला ईआरए 5.46 होता. शिकागोने त्याला शरीर आडवं नेत चेंडू टाकण्याची त्याची मूळ पद्धत परत दिली, आणि 2015 मध्ये 22 विजय, 1.77 ईआरए आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याच्या नावावर लागला. हे तिन्ही सौदे तुमच्या आधीच्या व्यवस्थापनाचे आहेत, तुमच्यावर त्याचा दोष नाही. पण तिन्हीत दिलेला माणूस तरुण पिचर होता, हे लक्षात घ्या.

उलटा अनुभवही याच संघाचा. फेब्रुवारी 2008 मध्ये आपण एरिक बेडार्ड सिॲटलला दिला. आदल्या वर्षी त्याने 182 इनिंगमध्ये 221 स्ट्राइकआउट घेतले होते. सिॲटलमधल्या पहिल्या हंगामात खांद्याने दगा दिला आणि तो 15 सामन्यांवर थांबला. आपल्याला मिळाले ॲडम जोन्स, क्रिस टिलमन आणि जॉर्ज शेरिल. 2012 आणि 2014 च्या संघांचा कणा त्या एका सौद्यातून उभा राहिला.

या सगळ्यातून आम्ही काढलेला नियम असा: पिचर घ्यायचा तर किंमत फलंदाजांत मोजा, तरुण पिचरांत नको. कारण साधं आहे. फलंदाज बहुधा पायरी पायरीने वाढतो आणि ती वाढ दिसते. पिचर एका हिवाळ्यात बदलतो. ग्रिप बदलली, नवा स्वीपर (आडवा वळणारा चेंडू) आला, वेग दोन मैलांनी वाढला, की काल डबल-एमध्ये (ट्रिपल-एच्या खालच्या पायरीवर) मार खाणारा पोरगा उद्या वर येतो. त्याचा भाव ठरवण्यात विकणारा हमखास चुकतो, आणि चुकीचा फायदा घेणाऱ्याला मिळतो. शिवाय कोपर आणि खांद्यांच्या दुखापतींमुळे पाच पिचरांवर कुणाचाच हंगाम निघत नाही. 2024 मध्ये काइल ब्रॅडिश, जॉन मीन्स आणि टायलर वेल्स तिघेही कोपराच्या शस्त्रक्रियेला गेले. हे माहीत असताना हातातले बदली पिचर देऊन टाकणं म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्याने गमावणं. आणि 2019 ते 2025 या सात ड्राफ्टमध्ये तुम्ही पहिल्या फेरीत एकही पिचर निवडलेला नाही. धोरण म्हणून ते समजण्यासारखं आहे, कॉलेजमधला फलंदाज जास्त भरवशाचा. पण मग त्या धोरणाचा दुसरा अर्धा भागही पाळायला हवा: फलंदाज साठले की वेळेवर विकायचे.

वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. नाशिककडचा शेतकरी चाळीत कांदा भरून भाव वाढण्याची वाट बघतो. भाव कधी वाढतो, पण दरम्यान वजन घटतं, काही कांद्यांना कोंब फुटतात, काही सडतात. नॉरफोकमध्ये फलंदाज साठवण्याचं तसंच आहे. हेस्टन कर्स्टाड 2020 च्या ड्राफ्टमधला दुसरा खेळाडू. 2023-24 च्या हिवाळ्यात त्याला चांगला भाव होता. 2025 मध्ये वरच्या स्तरावर त्याची सरासरी .200 च्या खाली राहिली आणि तो परत खाली गेला. आजारपण आणि डोक्याला लागलेला चेंडू हा त्याचा दोष नव्हे. प्रश्न किंमत कधी मोजायला हवी होती हा आहे. आता तरुण फलंदाज कोबी मेयोकडे बघा. पीट अलोन्सोला पाच वर्षांसाठी 15 कोटी 50 लाख डॉलर दिल्यावर मेयोची फर्स्ट बेसची वाट बंद झाली. थर्ड बेसला जॉर्डन वेस्टबर्ग तंदुरुस्त नसेल तर मेयो हवाच. तंदुरुस्त असेल, तर दर महिन्याला मेयोचा भाव उतरत जाणार. ऑप्शनची वर्षं (ज्यांत खेळाडूला मोकळेपणाने खाली पाठवता येतं) तीनच असतात, आणि ती संपली की समोरचा संघ घाई करत नाही, वाट बघतो. नोव्हेंबरमधल्या रूल 5 च्या यादीचंही तसंच; या नियमाने राखून न ठेवलेला मायनर लीगमधला खेळाडू दुसरा संघ उचलू शकतो. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाच हंगामांनी आणि त्याहून मोठ्याला चारांनी 40 जणांच्या रोस्टरवर घ्यावं लागतं. जागा नसेल तर सगळ्यांनाच कळतं की तुम्हाला तो द्यायचाच आहे.

2024 च्या जुलैत कॉनर नॉर्बी आणि काइल स्टोवर्स मायामीला देऊन ट्रेव्हर रॉजर्स घेतला, तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी कपाळावर हात मारला. रॉजर्सचे पहिले चार सामने भयानक गेले आणि त्याला नॉरफोकला धाडलं. 2025 मध्ये त्याच रॉजर्सने 18 सामन्यांत 1.81 ईआरए ठेवला. स्टोवर्सही मायामीकडून ऑल-स्टार झाला. दोघांनाही फायदा झालेला हा विरळा सौदा. तो पचला, कारण रॉजर्सवरचा हक्क 2026 अखेरपर्यंत होता. दोन महिन्यांचा पिचर असता तर आपण त्याचे ते चार वाईट सामनेच विकत घेतले असते.

काहीच न करण्याचीही किंमत असते, ती 2025 ने दाखवली. बर्न्स गेल्यावर त्याच्या तोडीचा कुणी न आणता चार्ली मॉर्टनला दीड कोटी आणि तोमोयुकी सुगानोला एक कोटी तीस लाख डॉलर देऊन एकेका वर्षासाठी घेतलं. मेच्या मध्याला संघ 15-28 होता, मैदानावरचा व्यवस्थापक ब्रँडन हाइडची नोकरी गेली, आणि हंगाम 75-87 वर संपला. बॉस्टनने त्याच हिवाळ्यात काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मायड्रॉथ आणि विकेलमन गोन्झालेझ देऊन गॅरेट क्रोशे घेतला. चारात तीन फलंदाज. करारात दोन हंगाम शिल्लक होते आणि वसंतात 17 कोटी डॉलरची सहा वर्षांची वाढ झाली. क्रोशेने 205 इनिंग, 255 स्ट्राइकआउट आणि 18 विजय दिले. आम्ही सांगतो आहोत तो सौदा असा दिसतो.

तुमचा डिसेंबर 2025 चा, टँपा बेकडून पिचर शेन बाझ घेण्याचा सौदा याच्या बराच जवळ आहे, हे मान्य करायला हवं. हक्क 2028 पर्यंत. दिलेल्यांत बोडीन, ज्याच्यापुढे रचमन आणि आठ वर्षांच्या कराराचा सॅम्युएल बसायो असे दोन कॅचर होते. स्लेटर डी ब्रुन, शाळेतून नुकताच आलेला आउटफिल्डर, 2027 च्या बराच पलीकडचा. गंमत म्हणजे डी ब्रुनला ज्या 37 व्या निवडीवर घेतलं, ती टँपा बेनेच ब्रायन बेकरच्या बदल्यात आपल्याला दिली होती. आमची हरकत मायकल फॉरेटवर आहे. त्या यादीतला तो एकटा पिचर. त्याच्या जागी आणखी एक आउटफिल्डर देता आला असता. आणि बाझ स्वतः कोण? 2018 मध्ये पिट्सबर्गने क्रिस आर्चरसाठी ऑस्टिन मेडोज आणि टायलर ग्लासनाऊ दिले, आणि ‘नाव नंतर ठरेल’ म्हणून तिसरा दिला, तो हाच. आर्चरचा 2019 चा ईआरए 5.19 होता. नंतर ठरणाऱ्या नावाची यादी सौद्याच्या दिवशीच बंद करून घ्यावी, यासाठी याहून चांगलं उदाहरण नाही.

बाझचा 2025 चा ईआरए 4.87 बघून नाक मुरडणाऱ्यांनी मैदान बघावं. वादळाने ट्रॉपिकाना फील्डचं छत उडाल्यामुळे टँपा बे त्या वर्षी यांकीजच्या वसंत-सरावाच्या मैदानावर खेळले. तिथलं उजवं कुंपण जवळ आहे, आणि बाझने घरच्या सामन्यांत बाहेरच्यापेक्षा बराच जास्त मार खाल्ला. आपल्या मैदानाचंही भान ठेवा. कॅम्डनची डावी भिंत 2022 मध्ये मागे गेली आणि 2025 मध्ये पुन्हा पुढे आली. मधल्या तीन वर्षांत इथे उजव्या फलंदाजांविरुद्ध चांगला दिसलेला कुणीही पिचर आता तसाच दिसेल असं धरू नका.

हाताची तपासणी हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. एमआरआय मागालच. त्याबरोबर शेवटच्या सहा आठवड्यांतला फास्टबॉलचा वेग पहिल्या आणि पाचव्या इनिंगमध्ये वेगळा काढून बघा. सलग तीन सामन्यांत फरक दीड मैलाच्या वर गेला तर आम्ही थांबू. चेंडू सुटण्याची उंची दोन इंच खाली आली असेल तर खांदा थकला आहे असं समजून पुढचे प्रश्न विचारा. फास्टबॉल कमी करून स्लायडर (वळणारा चेंडू) अचानक वाढला असेल तर तो डावपेच आहे की दुखणं लपवणं, हे त्याच्या कॅचरकडून काढा. आदल्या वर्षापेक्षा इनिंग एकदम पन्नासने वाढल्या असतील तर ऑक्टोबरचा हिशेब धरू नका. 2021 मध्ये लॉस एंजेलिसला मॅक्स शेर्झरने 11 सामन्यांत 7-0 आणि 1.98 दिलं, आणि शेवटच्या मालिकेत हात थकला म्हणून तो सहाव्या सामन्यात उतरू शकला नाही.

पैशांचा एक मार्ग वापरला जात नाही. 2023 मध्ये मेट्सने शेर्झरच्या पगारातले तीन कोटींहून जास्त डॉलर स्वतः भरले, तेव्हा टेक्सासने त्यांना लुइसांहेल अकुन्या दिला. म्हणजे मेट्सने रोख देऊन प्रॉस्पेक्ट विकत घेतला. हेच उलटं फिरवा. महाग करार असलेला पिचर पूर्ण पगारासह उचला आणि पोरं कमी द्या. 2024 पासून डेव्हिड रूबेनस्टाइन यांच्याकडे मालकी आहे. खेळाडूंच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोतच, पगाराच्या बाबतीतही हात आखडण्याचं कारण उरलेलं नाही. ऑगस्ट 2017 च्या शेवटच्या रात्री ह्यूस्टनने जस्टिन व्हर्लँडर घेतला तेव्हा तुम्ही त्याच कचेरीत होता. त्याच्या करारात आणखी दोन वर्षं बाकी होती. दिलेल्या तिघांतला मुख्य, फ्रँक्लिन पेरेझ हा पिचर, मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही. तरुण पिचर देऊ नका म्हणणाऱ्या आमच्या नियमाला हा अपवाद आहे आणि आम्ही तो लपवत नाही. पण आपल्याकडे हेडर आणि अरिएटाही घडले आहेत.

तेव्हा येत्या जुलैसाठी आमची मागणी अशी. डेट्रॉइटच्या तारिक स्कुबालसारखं, 2026 अखेर करार संपणारं मोठं नाव बाजारात आलं, तर ते घेण्याआधी 72 तास कराराच्या वाढीवर बोलण्याची मुभा मागा. ती नसेल तर डबल-ए आणि वरच्या एकाही पिचरचं नाव काढू नका, फलंदाजही फार तर दोन. दोन किंवा अधिक हंगाम बाकी असलेला पिचर मिळत असेल तर चौथा फलंदाजही द्या, मेयोसकट. ड्राफ्टमध्ये नुकताच घेतलेला मुलगा वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर जुलैत तोंडी शब्द देऊन ठेवू नका. आणि सौद्यांच्या अंतिम मुदतीची वाट न बघता ही बोलणी मेमध्ये सुरू करा, म्हणजे पिचर निदान 20 सामने तरी खेळेल.

कळावे,

मेरीलँडमधील काही मराठी ओरिओल्सप्रेमी